रिटर्न ‘फाइल्ड’ दिसत होतं, पैसे मात्र भरलेच नव्हते

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे आठ माग आहेत. टॉवेल-नॅपकिन काढतो, माल हैदराबाद-बंगळूरला जातो. महिन्याची विक्री सहा लाखांच्या आसपास. त्यावर ५ टक्क्यांनी ३० हजार जीएसटी. सूत आणि डाईंगच्या बिलांचं १९ हजारांचं क्रेडिट (म्हणजे खरेदीवर आधीच दिलेल्या जीएसटीची वजावट) वजा जाता ११ हजार भरायचे. हिशोब मला तोंडपाठ होता. भरायचं काम मात्र मी दुसऱ्यावर सोडलं होतं.

शेजारच्या कारखानदाराने हा माणूस सुचवला. बोर्डवर ‘कर सल्लागार’, फी महिना ५०० रुपये. एवढ्यात त्याला परवडतं कसं, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. नोंदणी त्यानेच केली आणि मोबाइल नंबर, ईमेल स्वतःचा टाकला. “शेठ, प्रत्येक ओटीपीला तुम्हाला कुठं त्रास देऊ?” मला सोयीचंच वाटलं.

कराचे पैसे दर महिन्याच्या १५ तारखेला त्याच्या हातात, कधी रोख, कधी यूपीआयने. कारण काय, तर बँकेच्या काउंटरवर जीएसटीचे १० हजारांपर्यंतच रोख घेतात, आपले अकरा होतात, म्हणून तो त्याच्या खात्यातून भरणार. नियम खरा आहे. पण तेच चलन आपल्या बँकेतून नेटबँकिंगने किंवा एनईएफटीने भरता येतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादच्या व्यापाऱ्याच्या मुनीमजींचा फोन आला. वार्षिक रिटर्नसाठी ते मागच्या वर्षीची बिलं ताळून बघत होते. जानेवारी ते मार्चचं माझं एकही बिल त्यांच्या टू-बीमध्ये (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून खरेदीदाराला किती क्रेडिट मिळतं, ते दाखवणारी पोर्टलवरची यादी) नव्हतं, म्हणून पेमेंट अडवलं होतं. मी पोर्टलवर माझा जीएसटी नंबर टाकून पाहिला (लॉगिन न करताही ते दिसतं). सगळ्या महिन्यांपुढे ‘फाइल्ड’. मग काय, मी मुनीमजींनाच चार शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन एका सीए बाईंकडे गेलो. त्यांनी त्या सल्लागाराने दिलेल्या चलनांच्या दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या. फेब्रुवारीच्या आणि मार्चच्या चलनावर सीआयएन नंबर (पैसे भरल्यावर प्रत्येक चलनाला मिळणारा वेगळा क्रमांक) एकच! तारखेचे आकडे बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड. “फाइल्ड म्हणजे काहीतरी पाठवलं एवढंच,” त्या म्हणाल्या. “शून्य रिटर्न तर १४४०९ वर एसएमएस करूनही जातं.”

लॉगिन माझ्याकडे नव्हतं. जीएसटी कार्यालयात कागदपत्रं देऊन मोबाइल आणि ईमेल बदलून घेतला, तेव्हा कॅश लेजर, म्हणजे भरलेल्या पैशांची पोर्टलवरची खातेवही, उघडलं. जानेवारीपासून एक रुपया जमा नाही. दहा महिने विक्री शून्य, खरेदी शून्य.

मला वाटलं, १ लाख १० हजार बुडाले. खरा मार पुढेच होता. एप्रिलपासूनची बिलं पुढच्या रिटर्नमध्ये घेता आली, क्रेडिटही मिळालं, फक्त १८ टक्क्यांनी व्याज गेलं. पण जानेवारी ते मार्च हे आधीचं आर्थिक वर्ष, आणि त्याचं क्रेडिट घ्यायची मुदत ३० नोव्हेंबर. दोन आठवड्यांनी हुकली! त्या तीन महिन्यांचे पूर्ण ९० हजार व्याजासह डीआरसी-०३ वर (राहिलेला कर स्वतःहून भरायचा फॉर्म) भरले, ५७ हजारांचं क्रेडिट कायमचं गेलं. हैदराबादवाल्यांचंही क्रेडिट बुडालं, ते त्यांनी माझ्या बिलातून कापून घेतलं. त्यांची काही चूक नाही. नोटीस यायच्या आधी स्वतःहून भरलं म्हणून दंड तेवढा टळला. “पैसे त्याला दिले होते हो,” असं अधिकाऱ्यांना सांगून पाहिलं. नोंदणी माझ्या नावावर, जबाबदारीही माझी.

पोलिसांत तक्रार दिली. यूपीआयचे पुरावे आहेत, रोख दिलेल्याची चिठ्ठीसुद्धा नाही. त्याने २५ हजार परत केले, मग फोन बंद. ज्या शेजाऱ्याने नाव सुचवलं, त्याचंही लेजर आम्ही उघडून पाहिलं. त्याचेही सात महिने शून्यच.

आता सीए बाई महिन्याला दीड हजार घेतात. चलन त्या तयार करतात, पैसे मी माझ्याच खात्यातून भरतो. ओटीपी माझ्या फोनवर येतो, बहुतेक वेळा रात्री जेवताना.