अगत्ती ट्रिप : बेट नाद खुळा, एजंट तेवढा नको

राजारामपुरीतल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडनं लक्षद्वीपचं पॅकेज घेतलेलं. परमिटशिवाय तिकडं पाऊल ठेवता येत नाही आणि ह्या बहाद्दरानं ते निघायच्या आदल्या रात्री हातात दिलं, बायको तर भरलेल्या बॅगा परत उपसायला बसलेली. मिरजेतनं पूर्णा एक्सप्रेसनं एर्नाकुलम, मग कोचीतनं विमानानं अगत्ती, दीडेक तासात. जहाजानं जायचं तर १४ ते १८ तास धरा.

पण पाणी बघितलं आणि राग गेला राव! गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाची नखं मोजता येत्यात, आणि शेजारनं कासव निवांत गेलं. जेवणात सारखा टूना, चौथ्या दिवशी पोरगं तांबड्या रश्श्यासाठी रडायला लागलं (मी पण). दारूबंदी हाय, पार्टीवाल्यांनी गोवाच गाठावा. बेटाला ५ स्टार, एजंटला २.