मण्यांचा आनुवंशिकता संच: पिशव्या घ्याव्यात, माहितीपत्रक दुरुस्त करावं

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात शालेय साहित्याच्या दुकानांत मिळणारा हा संच नववीच्या ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ धड्याला नेमका लागू पडतो. दोन कापडी पिशव्या म्हणजे दोन संकरित पालक. प्रत्येकीत २५ लाल (T, वाटाण्याचं रोप उंच करणारं प्रभावी जनुक) आणि २५ पांढरे (t, बुटकं करणारं अप्रभावी जनुक) मणी; जोडीत एक जरी T आला तरी रोप उंच. दोन्हींतून न बघता एकेक मणी काढायचा, जोडी लिहायची आणि मणी परत टाकून पिशवी हलवायची. मणी परत टाकणं पत्रकात लिहिलेलंच नाही! मणी बाहेर राहिले की पुढच्या जोडीची शक्यता बदलते.

खरी अडचण मण्यांची आहे. पांढरे किंचित मोठे आहेत, बोटांना कळतात आणि मुलं नकळत तेच उचलतात. रविवार पेठेतून एकाच मापाचे मणी आणून बदलावेत.

‘चारपैकी तीन रोपं उंच येतात’ हे पत्रकातलं वाक्य खोडाच. प्रत्येक रोपाची उंच होण्याची शक्यता ३/४ असते, एवढंच. ४० जोड्यांत २७:१३ (उंच:बुटकी) आलं तरी प्रयोग चुकलेला नसतो. वर्गातल्या सगळ्या गटांची बेरीज केली की ३:१ जवळ येतं. वाटाण्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेललाही ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या बिया मोजल्यावर २.९६:१ मिळालं.

डीएनएचं पुठ्ठ्याचं मॉडेल ठीकठाक. रक्तगटाचे पत्ते मात्र उत्तम: A आणि B गटाच्या पालकांना O गटाचं मूल कसं होतं, ते दोन मिनिटांत उलगडतं.