बाल्डर्स गेट ३ की विचर ३: प्रेमकथेसाठी आधी कोणता घ्यावा?

सांगलीत आमच्या विश्रामबागच्या मित्रमंडळीत फँटसी आरपीजीचा (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेमचा) विषय निघाला की गाडी लढाईवरून प्रेमप्रकरणांवर येतेच. एका गटाचं म्हणणं, राक्षस मारायला बसलोय, मध्येच हे कशाला? लेखकांनी तीच मेहनत क्वेस्टवर, म्हणजे गेममधल्या मोहिमांवर घ्यावी. दुसरा गट म्हणतो, शंभर तास ज्यांच्यासोबत रानोमाळ हिंडायचं त्यांच्यात जीवच गुंतला नाही तर ते सोबती कसले? मी दुसऱ्या गटातला आहे. माझी अट एकच, समोरच्या पात्राला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. या सुट्टीत एकच मोठा गेम घ्यायचा असेल तर याच अटीवर दोन्ही पारखून बघा.

विचर ३ (२०१५) मध्ये तुमचं पात्र तुम्ही घडवत नाही. नायक गेराल्ट हा राक्षसांची शिकार करणारा, आधीच घडलेला माणूस आहे. येनेफर या जादूगारणीशी त्याचं जुनं नातं आहे, मधल्या काळात ट्रिस ही दुसरी जादूगारीण त्याच्या आयुष्यात येऊन गेली आहे. त्यामुळे खऱ्या अर्थाने निवड दोघींमधलीच. पण या मर्यादेमुळेच लेखकांना खोल जाता आलंय. 'द लास्ट विश' ही क्वेस्ट बघा. कित्येक वर्षांपूर्वी गेराल्टने जिनकडे मागितलेल्या इच्छेमुळे दोघांची नशिबं एकमेकांना बांधली गेली आहेत. आपलं प्रेम आपलं आहे की त्या जादूचं, हे येनेफरला एकदा कळून घ्यायचंय. म्हणून ती स्केलिगेच्या समुद्रात बुडालेल्या जहाजाचा माग काढते, दुसरा जिन पकडते आणि ते बंधन तोडून घेते. मग डोंगरमाथ्यावर येऊन पडलेल्या अर्ध्या जहाजात दोघं बसतात. तिच्या मनात काहीच बदललेलं नाही. गेराल्टच्या मनात काय उरलंय, ते तुम्ही ठरवायचं. 'आता काही वाटत नाही' असंही तो म्हणू शकतो, आणि तेही खोटं वाटत नाही. हा प्रसंग इतका चांगला उतरलाय कारण मागे वर्षानुवर्षांचं ओझं आहे.

दोघींनाही शब्द देऊन बसलात, तर दोघी मिळून गेराल्टला नोव्हिग्राडच्या खाणावळीत पलंगाला बांधून निघून जातात आणि शेवटपर्यंत तो एकटाच राहतो. माझी अट इथे पुरेपूर पाळली जाते.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) चा मामला वेगळा. तुमचं पात्र पुरुष असो, स्त्री असो, एल्फ असो की ड्वार्फ, जवळपास प्रत्येक मुख्य सोबत्याशी जमू शकतं. विरोधी गटाचा राग नेमका यावर आहे: जो येईल त्याच्या प्रेमात पडणाऱ्या पात्राला स्वतःचं मन आहे असं कसं म्हणायचं? या तक्रारीत तथ्य आहे. सोबत्यांच्या आवडीची उत्तरं देत गेलं की ॲप्रूव्हल (तुमच्याबद्दलची पसंती) वाढतं, आणि ग्रोव्ह (निर्वासितांनी आसरा घेतलेली वनवस्ती) वाचवल्यानंतरच्या कॅम्पमधल्या रात्री एकामागून एक जण जवळीक दाखवू लागतो. गेम नवा होता तेव्हा गेल हा जादूगार सोबती तर फारच लवकर गळ्यात पडायचा. गेम बनवणाऱ्या लारियनने ते नंतर दुरुस्त केलं.

तरीही तक्रार तिथेच थांबवणं मला अन्यायाचं वाटतं. ग्रोव्हवर हल्ला करून निरपराधांना मारलंत तर कार्लॅक ही सोबतीण तुमच्याबरोबर राहतच नाही. तिच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं इंजिन आहे, अंगाची इतकी आग की कुणाला स्पर्शही करता येत नाही. डॅमन लोहाराने दोनदा दुरुस्ती केल्यावर कुठे ती कुणाला जवळ घेऊ शकते. तोवर गोड बोलून काही उपयोग नाही. ॲस्टेरियन या व्हॅम्पायर सोबत्याचं तर त्याहून पुढचं. मूनराइझ टॉवर्समध्ये आराज नावाची ड्राऊ (जमिनीखाली राहणाऱ्या एल्फ जमातीतली) त्याने आपल्याला चावावं म्हणून मागे लागते, बदल्यात तुम्हाला औषधाचं आमिष दाखवते. त्याला ते नकोय. तुम्ही त्याच्यावर जोर करू शकता. त्याची बाजू घेतलीत, तर तो नंतर कबूल करतो की सुरुवातीला त्याने तुम्हाला स्वार्थासाठी नादी लावलं होतं. आयुष्यभर ज्याच्या 'नाही'ला किंमत नव्हती त्याचा नकार तुम्ही मानता की नाही, यावर इथलं प्रेम उभं आहे. विरोधी गटातल्या प्रत्येकाने निदान हा भाग तरी खेळावा.

नकाराचा सर्वात सरळ नमुना मात्र ड्रॅगन एज: इन्क्विझिशन (२०१४) या तिसऱ्याच गेममध्ये आहे. कसँड्रा स्त्री-नायिकेला नम्रपणे नाही म्हणते, डोरियनला फक्त पुरुष आवडतात, सोलसचं प्रेम फक्त एल्फ स्त्रीला मिळतं. काहींना हे अडवणूक वाटते, मला ते पात्राचा मान राखणं वाटतं. स्कायरिम या गेममधलं लग्न या चर्चेत धरू नये; मारा देवीचं ताईत गळ्यात घालून फिरलं की स्थळ मिळतं, बायको दुकान काढते, जेवण देते, पुढे काही नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर बाल्डर्स गेटला एसएसडी आणि सुमारे १५० जीबी जागा लागते, विचरला ५० जीबीच्या आसपास. विचर जुना असल्याने सेलमध्ये बराच स्वस्तही मिळतो. हॉलमधल्या टीव्हीवर खेळणार असाल आणि घरात आई-आजीची ये-जा असेल, तर बाल्डर्स गेटमध्ये नग्नता बंद करण्याची सेटिंग आहे, ती पहिल्याच दिवशी लावा. विचरमधली तशी दृश्यं रात्री सगळे झोपल्यावरच.

प्रेमकथा अजिबातच नको असेल त्याने विचर घ्यावा. तिथे दोघींनाही शब्द दिला नाही तरी गेराल्टच्या मानसकन्येची, सिरीची मूळ कथा जशीच्या तशी राहते. बाल्डर्स गेटमध्येही सोबत्यांच्या स्वतःच्या क्वेस्ट प्रेमाशिवाय पूर्ण होतात, पण पुन्हा पुन्हा नकार देत बसावं लागतं आणि काही उत्तम प्रसंग निसटतात.

बाकी सगळ्यांना मी बाल्डर्स गेटच सुचवेन. सोबती निवडण्याची घाई करू नका, आणि पहिल्या अंकात सापडलेलं इन्फर्नल आयर्न विकून टाकू नका. डॅमनला कार्लॅकच्या दुरुस्तीसाठी ते लागणार आहे.