जुना होम ऑर्गन घ्यायचा तर टोनव्हीलचा की ट्रान्झिस्टरचा?

जुना होम ऑर्गन विकायला निघाला की विकणारा बहुधा एवढंच सांगतो, "इम्पोर्टेड आहे, साठच्या दशकातला आहे." मराठवाड्यात असं वाद्य हाती लागतं ते एखाद्या जुन्या चर्चमधून, मोडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानातून, नाहीतर परदेशातून परतलेल्या घरातून. कागद सोबत क्वचितच असतात. म्हणून आधी जात ओळखायची. साल कसं शोधायचं आणि वाद्य आपल्या विजेवर नीट वाजेल का, या दोन्ही गोष्टी जातीवर ठरतात.

बटण दाबल्यावर पंख्याची घरघर ऐकू आली आणि हवेवर सूर उमटले, तर ती विजेवर चालणारी पेटीच आहे. आतमध्ये रीड असतात. तिला इलेक्ट्रॉनिक ऑर्गनची किंमत देऊ नका.

टोनव्हीलचा ऑर्गन म्हणजे मुख्यतः हॅमंड. या कंपनीचा पहिला ऑर्गन १९३५ मध्ये आला. आत मोटरवर फिरणारी दातेरी लोखंडी चाकं असतात, मोठ्या मॉडेलात ९१, आणि प्रत्येक चाकासमोर तारेचं वेटोळं गुंडाळलेलं चुंबक. सायकलच्या डायनॅमोचं हे जवळचं भावंड. पट्ट्यांच्या वर ओढायच्या-ढकलायच्या तपकिरी, पांढऱ्या, काळ्या दांड्या दिसतात, ते ड्रॉबार. मात्र नावावर किंवा ड्रॉबारवर भरवसा ठेवू नका. १९७५ च्या सुमारास हॅमंडनेही चाकं बंद केली. मागची फळी काढून चाकांचा लांबट पेटारा डोळ्यांनी पाहा.

ट्रान्झिस्टरच्या ऑर्गनमध्ये सूर तयार करायला फिरणारं काहीच नसतं. यामाहाचा पहिला इलेक्टोन, डी-१, १९५९ चा. त्यानंतर घरगुती ऑर्गनचा बाजार हळूहळू याच जातीकडे वळला. वजनातही फरक जाणवतो. मोठा हॅमंड हलवायला चार माणसं लागतात.

आता विजेचं. माझ्या मते निर्णय इथेच होतो. टोनव्हीलची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. अमेरिकन हॅमंड इथे लावला तर चाकं पाचषष्ठांश वेगाने फिरतात आणि पांढरी एक दाबली की खालच्या सप्तकातली पांढरी सहा वाजते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही, त्यामुळे त्याने हा दोष जात नाही. ६० हर्ट्झ देणारा कन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च किमतीत धरा. वाद्याच्या मागच्या पाटीवर ५० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर घरात अडचण नाही, पण गावच्या कार्यक्रमात जनरेटरचा वेग हलला की सूरही हलतो. ट्रान्झिस्टरच्या वाद्याला हा त्रास नाही. त्याचं व्होल्टेज जुळवलं की पट्टी जागेवर राहते. पाटीवर १०० किंवा ११७ व्होल्ट लिहिलेलं वाद्य मात्र थेट २३० च्या प्लगमध्ये घालू नका.

साल शोधायचं तर हॅमंडमध्ये मॉडेलच बरंच सांगतं. एम-३ साधारण १९५५ ते १९६४, एल-१०० मालिका १९६१ ते १९७२, बी-३ १९७४ पर्यंत. पाटीवर हर्ट्झऐवजी 'सायकल्स' असेल तर वाद्य बहुधा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपूर्वीचं.

ट्रान्झिस्टरच्या वाद्यात खरा पुरावा आत असतो. बारा सुरांना बारा स्वतंत्र ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी सर्किटं, आणि प्रत्येकाची वेगळी जुळवणी, ही जुनी रचना. एकाच स्क्रूने सगळी पट्टी वरखाली होते ती नंतरची, सत्तरच्या दशकातली. आयसीवर, म्हणजे पायांच्या चपट्या चिपवर, चार आकडे छापलेले असतात. ७६३२ म्हणजे १९७६ चा ३२ वा आठवडा. इथे चकवाही आहे. ७४०० किंवा ७४७४ हे आयसीचे स्वतःचे नंबर आहेत, तारखा नव्हेत. अमेरिकन व्हॉल्यूम कंट्रोलवर १३७७३१४ असं दिसलं तर १३७ हा बनवणाऱ्याचा क्रमांक आणि पुढचं १९७३, १४ वा आठवडा. एका सुट्या भागावर जाऊ नका, तो दुरुस्तीत बदललेला असू शकतो. मूळ झाळण असलेले पाच-सहा भाग पाहा. त्यांतली सर्वांत अलीकडची तारीख धरा. वाद्य त्याआधीचं असूच शकत नाही.

हे सगळं प्लग काढून करा. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देतात. तिथे व्हॉल्व्ह रेडिओवर हात बसलेला मेकॅनिकच हवा, आणि असे जाणते लोक लातूर-परभणीकडे अजून असतील तर त्यांना आधी गाठा.

देखभालीत हॅमंडला त्याचं खास पातळ तेल वेळोवेळी लागतं. आतल्या दोऱ्यांतून ते बेअरिंगपर्यंत पोचतं. वर्षानुवर्षं कोरडा पडलेला, आपल्या उन्हाळ्याची धूळ खाल्लेला चाकांचा पेटारा जाम झालेला असू शकतो. फिरतो का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रान्झिस्टरमध्ये एकच सूर सगळ्या सप्तकांत मुका असेल तर त्याचा ऑसिलेटर गेला आहे. फक्त खालच्या सप्तकांत मुका असेल तर डिव्हायडर, म्हणजे वरच्या सुरापासून खालच्या सप्तकांतले सूर बनवणारं सर्किट. बारा ऑसिलेटरच्या जुन्या रचनेत दोन्ही दुरुस्त होतात. सगळे सूर एकाच आयसीवर असले आणि तीच गेली, तर बदली मिळवणं कठीण.

गोडवा आणि भरदारपणा हवा असेल, पाटीवर ५० हर्ट्झ असेल, तर हॅमंड सोडू नका, त्या आवाजाला तोड नाही. घरच्या भजनाला, मुलांच्या सरावाला वाद्य हवं असेल तर बारा ऑसिलेटरचा ट्रान्झिस्टर घ्या. टेम्पो ठरवण्याआधी विकणाऱ्याकडून मागच्या पाटीचा आणि उघड्या आतल्या बाजूचा फोटो मागवा.