मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, येरवडा : घरच्या बायकांसाठी

आमच्या ह्यांना पुण्याच्या मुक्तांगणमध्ये ठेवलं होतं. आपल्या माणसाला तिथे न्यावं की नाही, या विचारात असलेल्या बायकांसाठी लिहितेय.

आधी एक हात जोडून सांगते. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पूड चहात, भाजीत कालवून देऊ नका. सासूबाईंनी आणली होती, मी फेकून दिली. त्यात काय आहे ते कोणी सांगत नाही. डायसल्फिराम (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असेल आणि माणूस वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. ते औषध रुग्णाला सांगूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडणंही धोक्याचं. हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होतात. आमच्याकडे लगेच ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावतात. अहो, त्याला दवाखान्यात न्या!

मुक्तांगणचा उपचार 35 दिवसांचा, तिथेच राहून. आधी औषधांनी शरीराचा त्रास आटोक्यात आणतात, मग समुपदेशन, गटात बोलणं. 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने हे केंद्र सुरू केलं. तिथले बरेच कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. आमचे हे माझ्याशी, भावाशी, डॉक्टरांशी बिनधास्त थापा मारायचे. त्याच थापा मारून बसलेल्या माणसापुढे त्यांचं काही चाललं नाही.

बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. तो चुकवू नका. नवऱ्याची उधारी आपण फेडायची नाही, कामावर ‘ताप आलाय’ म्हणून खोटा फोन करायचा नाही, हे ऐकताना संताप येतो. मला तर रडू फुटलं. पण घरात खरा फरक पडला तो तिथून.

35 दिवसांत माणूस बरा होऊन येतो असं मात्र समजू नका. पाठपुराव्याला जावंच लागतं. गणपतीत ह्यांनी पुन्हा घेतली. तेव्हा आरडाओरडा न करता तिकडे फोन केला. आता ते आमच्या गावातल्या एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंगला जातात. तिथे फी नसते.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा 180 जणांत एक. बाकीच्यांच्या घरी काय चालत असेल ते आपल्याला सांगायला नको.

नवरा यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जाऊन समुपदेशकांना भेटा. पुणे लांब पडत असेल तर 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, जवळचं केंद्र विचारून घ्या.