बाळ येणार आणि घरात मांजरं: दार बंद, पाळण्यावर जाळी की जाळीचं दार?

मागच्या वर्षी हा प्रश्न मला पडला होता आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा, म्हणून आमच्याकडे काय काय करून पाहिलं ते लिहितोय. आमची दोन मांजरं. चिंगी सहा वर्षांची, घर तिच्या नावावर आहे असं तिचं ठाम मत. बंड्या तीन वर्षांचा, अक्कल बेताची पण जीव लावणारा. दोघांची नसबंदीची ऑपरेशनं झालीत, घराबाहेर जात नाहीत. लसी, डीवर्मिंग (जंताचं औषध), दर पंधरा दिवसांनी नखं कापणं, हे तुम्ही करताच असं धरून चालतोय, करत नसाल तर आधी ते.

"मांजरं गावाला सोडून या" हा पर्याय दोन्हीकडच्या मंडळींनी सुचवला, मांजराचा केस पोटात गेल्यावर काय काय होतं याच्या कथांसकट. तो मी विचारातच घेतला नाही. फ्लॅटमध्ये कोरडं खाणं खाऊन वाढलेलं मांजर गावातल्या कुत्र्यांपुढे किती दिवस टिकणार. टॉक्सोप्लाझ्माची (मांजराच्या शीतून पसरणारा एक सूक्ष्म परजीवी) भीती तेवढी खरी, पण ती मुख्यतः गरोदरपणातली, आणि तिथेही मांजराच्या शीतून पडलेला तो जीव लगेच लागण करू शकत नाही, त्याला तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-शूची वाळू, रोजच्या रोज काढायचं आणि ते नवऱ्याने काढायचं. (कच्चट राहिलेलं मटण आणि कुंडीतली माती यातूनही तो होतो, हे कुणी सांगत नाही.) नऊ महिने मी काढलं, आता ते कायमचं माझ्या गळ्यात पडलंय.

आमची एक सोय झाली, पहिलं बाळंतपण म्हणून बायको सातव्या महिन्यात माहेरी सांगलीला गेली आणि लेकीला घेऊन नाशिकला आली तेव्हा लेक अडीच महिन्यांची होती. म्हणजे तयारीला मला भरपूर वेळ मिळाला. पण मांजरांच्या बाजूने बघा, त्यांचं आवडतं माणूस एक दिवस गायब होतं आणि पाच महिन्यांनी येतं ते कुशीत दुसरंच कायतरी रडणारं घेऊन.

पाळण्यावरची जाळी आधी निकालात काढतो. छत्रीसारखी उघडते ती मच्छरदाणी मी रिकाम्या पाळण्यावर लावून ठेवली होती, बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसहून आलो तर बंड्या जाळीवर झोपलेला, झोळीत झोपावं तसा, आणि जाळी खाली वीतभर लोंबलेली. खाली बाळ असतं तर, हा विचार करून मी ती तिथल्या तिथे काढली. एवढ्या लहान बाळाला तोंडावर आलेलं काही बाजूला सारता येत नाही आणि मांजर तर ऊब शोधतच येणार, त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. पाळण्यात फॉइल अंथरून ठेवा असाही एक सल्ला असतो. चिंगीने एकदा उडी मारली, आवाज झाला, परत फिरकली नाही. बंड्या दोन दिवसांनी फॉइलवरच बसायला लागला. मच्छरदाणी डासांसाठी ठीक, मांजरांसाठी नको.

मग राहिलं बंद दार. खरं सांगायचं तर मी आधी हेच ठरवलं होतं. खर्च शून्य, घरातली मोठी माणसं खूश, कडी लावली की विषय संपला. बायको यायच्या आधी महिनाभर मी बेडरूम बंद ठेवायची सवयपण लावली आणि ती लागली असं मला वाटलंही. कारण आत कुणी नव्हतं!

बायको-लेक घरी आल्या त्या रात्री साधारण अडीच-तीनला सुरू झालं. खर्र. थांबायचं. खर्र खर्र. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे सनमायका थोडा सुटलाय बरोबर तिथे. मग दाराखालून पंजा आत, आतलं पायपुसणं नखात धरून ओढणं, ते अडकलं की मोठ्याने म्याव. ज्यांना लहान बाळ आहे त्यांना सांगायला नको, पाजून, ढेकर काढून, खांद्यावर टाकून चाळीस मिनिटं येरझाऱ्या घातल्यावर ते झोपतं, आणि नेमकं खाली ठेवताना बाहेरून खर्र. लेक जागी, बायको जागी, शेजारच्या खोलीत सासूबाई जाग्या, आणि सगळ्यांची नजर माझ्याकडे कारण मांजरं लग्नाआधीपासूनची माझी. आम्ही दाराला बाहेरून पुठ्ठा लावला, त्याचा आवाज जास्त. पाणी शिंपडून पाहिलं, चिंगी लांब जाऊन बसली पण पुढच्या दोन दिवसांत तिने डायपरच्या पिशवीवर शू केली, जी तिने सहा वर्षांत कधी कुठे केली नव्हती. व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) लघवी तपासली, काही निघालं नाही, म्हणाले ताण आहे. रोज रात्री जिच्या पायाशी झोपायची ती आत आहे, वास येतोय, आवाज येतोय आणि दार बंद, मग ती तरी काय करणार. त्यात एप्रिल महिना, दार बंद म्हणजे हवा बंद. असे अकरा दिवस काढले आम्ही.

बाराव्या दिवशी अॅल्युमिनियम सेक्शनवाल्याला बोलावलं. आहे त्याच चौकटीला बाहेरच्या बाजूने दुसरं दार, जाळीचं. ५८०० रुपये पडले. खिडकीला असते ती फायबरची जाळी घेऊ नका, मांजराच्या नखाला ती चार दिवस पुरणार नाही, स्टीलची घ्या. त्याने आपल्या मनाने मॅग्नेट बसवून दिला होता, बंड्याने डोक्याने ढकलून पहिल्याच संध्याकाळी उघडला, मग कडी लावून घेतली.

पहिले तीन-चार दिवस बंड्या जाळीवर चढून लोंबकळायचा, नंतर कंटाळला. चिंगी मात्र बाहेर जाळीला टेकून बसायची, पुढचे पाय आत दुमडून, तासन् तास. मालिशवाल्या मावशी आल्या की सगळा कार्यक्रम बघायची, तेल, आंघोळ, रडारड. ओवा-वावडिंगाची धुरी दिली की शिंकत निघून जायची आणि धूर गेला की परत हजर. रात्रीचं खरवडणं पहिल्या आठवड्यातच बंद झालं, माझ्या मते निव्वळ दिसतंय म्हणून. डायपरच्या पिशवीचाही विषय पुन्हा निघाला नाही. आता हे दारामुळे की तोवर सवय झाली म्हणून, ते मी छातीठोकपणे नाही सांगणार.

तोटे आहेतच. जाळी केस अडवत नाही, आम्ही दिवसातून दोनदा झाडतो. हॉलमधला टीव्ही आत ऐकू येतो. कडेवर बाळ असताना कडी काढणं ही कसरत आहे, ती कोपराने सरकवता येईल एवढ्या उंचीवर बसवून घ्या. भाड्याच्या घरात मालक चौकटीला ड्रिल मारू देईलच असं नाही. आणि जाळी असली तरी आत कुणी मोठं माणूस नसताना कडी उघडी ठेवायची नाही, हा नियम आमच्याकडे आजही आहे. ओरखडा आलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं, घरातलं मांजर आहे, लस झालीय म्हणून सोडून द्यायचं नाही.

तुमचं एकच म्हातारं, शांत मांजर असेल, माणसाच्या फार मागे मागे नसेल, तर बंद दाराने भागेलही, आमच्या ओळखीत एकांचं भागलंय. पण रात्री अंगावर झोपणारं मांजर असेल तर मी म्हणेन सातव्या महिन्यातच जाळीचं दार बसवून टाका, बाळ आल्यावर ड्रिलचा आवाज कशाला. आणि दार काहीही असो, दोन गोष्टी आधीपासून करा. जेवण द्यायच्या वेळी फोनवर बाळाच्या रडण्याचा आवाज अगदी बारीक लावायचा, आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. दुसरं म्हणजे बाळाचं एक न धुतलेलं झबलं. आमचं सांगलीहून मेव्हणा घेऊन आला होता. मी ते जेवणाच्या वाटीपासून हातभर लांब ठेवलं, चिंगीने वास घेतला, फिस्कारली, जेवली, परत वास घेतला. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर बसून पाय चाटत होती.

आता लेक आठ महिन्यांची आहे, रांगते, आणि जाळीला आतून नाक लावून बसते. बाहेरून बंड्या. मांजरांची खाण्याची वाटी मात्र ओट्यावर हलवावी लागलीय, कारण परवा तिच्या तोंडातून मी दोन दाणे काढले.