तळघराच्या कोब्यावर क्लिअर कोट: बडोद्याच्या ओलीत कोणता निवडावा?

तळघरात टाइल्स न बसवता कोबा तसाच ठेवून वर पारदर्शक कोट मारायचा ठरवलं, की दुकानदार चार प्रकारचे डबे पुढे ठेवतो: सिलिकेट डेन्सिफायर, सायलेन-सिलोक्झेन, ॲक्रिलिक सीलर आणि क्लिअर इपॉक्सी. पहिले दोन काँक्रीटच्या आत मुरतात, पुढचे दोन वर थर धरतात. सगळा निर्णय या एका फरकावर ठरतो, कारण मुरणाऱ्या कोटातून खालची वाफ बाहेर पडू शकते आणि थरातून ती पडत नाही. विश्वामित्री दुथडी वाहू लागली की काठच्या भागात जमिनीतलं पाणीही वर चढतं, आणि जुन्या घरांच्या कोब्याखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद घातलेला असण्याची शक्यता कमीच. म्हणून चकाकी नंतर, ओल आधी.

ओल तपासायला दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवा आणि चारही कडा टेपने घट्ट बंद करा. किमान १६ तास, जमलं तर दोन दिवस तसाच राहू द्या. एक तुकडा मध्यभागी, एक बाहेरच्या भिंतीलगत आणि एक पाण्याच्या टाकीच्या बाजूला, असे तीन तरी हवेत. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब फक्त वरच्या बाजूला असतील, तर पावसाळी दमट हवा थंड कोब्यावर निवते आहे. तिथे एक्झॉस्ट फॅनने काम भागतं. ही चाचणी ऑगस्टमध्ये करायची. मार्चमध्ये कोरडं निघालेलं प्लास्टिक पावसाळ्याची हमी देत नाही.

भिंत आणि जमिनीच्या सांध्यातून पाणी झिरपताना दिसत असेल, तर या चारांपैकी एकही डबा घेऊ नका. दाबाने येणारं पाणी वरून मारलेला कोणताही कोट अडवू शकत नाही. तिथे आधी निचरा, संप (पाणी गोळा होणारा खड्डा) आणि पंप यांची सोय लागते.

आता डबे. सिलिकेट डेन्सिफायर काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून आतच कडक होतो. झाडताना सतत उडणारी सिमेंटची भुकटी थांबवायला याच्यासारखा उपाय नाही. पण तो पाणी अडवत नाही आणि रंगरूप फारसं बदलत नाही. लिटरला साधारण ५ चौरस मीटर धरा. २० बाय २५ फुटांच्या तळघराला, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरला, ९ ते १० लिटर. कोबा वीस-तीस मिनिटं ओला राहील असा मारायचा आणि न मुरलेलं डबकं वायपरने ओढून पुसून काढायचं. ते तसंच वाळलं तर पांढरे चट्टे पडतात आणि मग ते घासूनच काढावे लागतात. सोडियमपेक्षा लिथियम सिलिकेटमध्ये हा त्रास कमी.

सायलेन-सिलोक्झेन पाणी झटकतं आणि वाफ जाऊ देतं. वरून सांडलेलं पाणी, ओल्या चपला, गाडीवरून ठिबकणारा पाऊस यांना ते पुरतं. मात्र पुढे कधी इपॉक्सी करायचा विचार असेल तर हे टाळा, कारण त्यावर दुसरा थर नीट धरत नाही.

ॲक्रिलिक सगळ्यात सोपं आणि स्वस्त. रोलरने दोन पातळ हात दिले की कोबा ओला केल्यासारखा गडद दिसतो. लिटरला एका हातात ८ चौरस मीटर धरले, तर दोन हातांना सुमारे १२ लिटर. स्कूटरच्या स्टँडने ओरखडे पडतात, पेट्रोल सांडलं की थर मऊ होतो, आणि एक ते तीन वर्षांत पुन्हा हात द्यावा लागतो. जाड थर मारला की आत हवा आणि ओल अडकून दुधाळ होतो, म्हणून दोन्ही हात पातळच. तळघरासाठी पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) ॲक्रिलिकच घ्या. दुसऱ्या प्रकारातल्या सॉल्व्हंटची (थिनरसारख्या द्रावकाची) वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचते आणि मोटरच्या स्विचची एक ठिणगी तिला पुरते.

इपॉक्सी सर्वांत देखणं आणि मजबूत, पण चुकीला क्षमा नाही. २५० मायक्रॉनच्या (पाव मिलिमीटरच्या) थराला १ लिटरमध्ये ४ चौरस मीटर होतात. वरच्या मापाला साडेअकरा लिटर, नासाडी धरून १३, आणि प्रायमर वेगळा. इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि त्याला कडक करणारा हार्डनर, डब्यावरच्या प्रमाणातच घ्या. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर जमीन कायमची चिकट राहते. संथ ड्रिलने तीन मिनिटं घुसळून माल दुसऱ्या बादलीत ओता आणि पुन्हा घुसळा, कारण पहिल्या बादलीच्या कडांना कच्चा माल चिकटलेला असतो. बादली जिथे पालथी घालून निथळू देतात, नेमका तिथेच नंतर चिकट डाग राहतो. घुसळलेला माल लगेच जमिनीवर ओतून पसरा. बादलीत साठला की तो तापतो आणि हातातच घट्ट होतो. गरमीत हा वेळ आणखी कमी मिळतो. दमट हवेत वर पांढरट, चिकट साय येते, म्हणून पावसाळ्यात हे काम काढूच नये. खिडकीतून ऊन येत असेल तर क्लिअर इपॉक्सी पिवळं पडतं; तेवढ्यासाठी वर न पिवळणाऱ्या पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) हात द्यावा, ओरखड्यांनाही तो चांगला. पारदर्शक थराखाली जुने तेलाचे डाग आणि थापीच्या खुणा अधिकच उठून दिसतात, हेही आधीच मान्य करा.

कोट सुटतो तेव्हा पापुद्रा उलटा करून पाहा. मागे सिमेंटची भुकटी चिकटलेली असेल, तर वरचा कच्चा थर घासलाच नव्हता. पाठ गुळगुळीत आणि स्वच्छ असेल, तर कोबा खरखरीत केलेला नव्हता. पांढरी खार किंवा फोडात पाणी असेल, तर ओल खालून आली आणि तिथे पुन्हा इपॉक्सी मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

तयारी सगळ्यांना लागते, थर धरणाऱ्यांना जास्त. नवा कोबा किमान २८ दिवसांचा हवा. डायमंड कपचा ग्राइंडर आणि व्हॅक्यूम ही उत्तम वाट. ॲसिडने धुणं बंद तळघरात धोक्याचं, आणि धुतलेलं पाणी कोब्यात मुरून पुन्हा वाळायला दिवस घेतं. घासल्यावर पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात मुरले तर कोबा तयार आहे, गोळा होऊन राहिले तर आधीचं तेल किंवा सीलर अजून आत आहे.

आमचं मत असं: ऑगस्टच्या चाचणीत एकाही प्लास्टिकखाली ओल दिसली, तर डेन्सिफायर घ्या. जिथे २०१९ किंवा २०२४ मध्ये पुराचं पाणी शिरलं होतं तिथेही तोच. कोबा डागाळेल, पण पाणी ओसरल्यावर मोकळेपणाने वाळेल. थराखाली कडेने शिरलेलं पाणी मात्र बाहेर यायला वाट नसते. तळघर खरोखर कोरडं असेल आणि तिथे अभ्यासिका, व्यायामाची जागा किंवा दुकान करायचं असेल, तर इपॉक्सीवर खर्च करा. जिन्याच्या पायथ्याशी शेवटच्या हातात बारीक सिलिका वाळू मिसळा, नाहीतर ओल्या पायांनी घसराल. ॲक्रिलिक भाड्याच्या जागेत किंवा दोन-चार वर्षांपुरतंच.

चाचणी पावसाळ्यात, काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये. इपॉक्सीवर साधारण २४ तासांनी चालता येतं. कपाटं आणि गाडी मात्र सात दिवसांनीच आत घ्या.